चतुराचा दोरा

चारठाण्याजवळच्या पाणथळीवर मनिषाबाई रोज सकाळी चतुर आणि टाचण्या हे पंखवाले कीटक न्याहाळत. आज एक तांबडा चतुर लव्हाळ्यावर एकाच जागी घिरट्या घालत होता. त्याच्या शेपटीला काळा दोरा बांधलेला होता आणि दोऱ्याचं दुसरं टोक थेट दलदलीत गेलं होतं.

“पोरांचे नसते उद्योग!” त्या चिडल्या.

गवत कापणाऱ्या सरजाबाईचा विळा थांबला. “इकडं पोरं येतच न्हाईत, बाई. तुमी बी हात लावू नका.”

मनिषाबाईंनी चतुर धरून गाठ सोडलीच. तो भुर्रकन उडाला. दुसरा जीव अडकू नये म्हणून त्या दोरा बोटाला गुंडाळत ओढू लागल्या.

चिखलातून हलकाच हिसका आला. चतुर अजून बांधलेलाच आहे ना, हे पाहायला पोरं देतात तसा.