अकराचा भाग

शाळा तपासायला आलेल्या दिपोटींनी फळ्यावर ४८१७२६३ लिहिलं. "अकराने भाग जातो? तोंडी सांगा. नाहीतर मुलींचा सातवीचा वर्ग बंद!"

द्वारका एकटीच उभी राहिली. बाईंनी शिकवलं होतं, एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा सारख्या आल्या तर भाग जातो. तिच्या आल्या दहा आणि एकवीस. 'नाही' अगदी ओठांवर आलं. पण फरक अकराचाच की! मग जाईल?

"बोल गं, दातखीळ बसली का?" दिपोटी खेकसले.

"जातो, साहेब."

ते स्वतः भागाकार करू लागले. बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. खाली शून्य उरलं.

"वर्ग चालू ठेवा," म्हणत ते निघाले.

बाईंनी द्वारकाला जवळ ओढलं. "पोरी, मी तर 'नाही' म्हणाले असते गं!"