थिनसकाकांच्या पाठीमागे

"ब्रेक सोड!" थिनसकाका खालून ओरडले.

वेसेलनं ब्रेक आणखी घट्ट धरले. पुढच्या चाकाच्या पलीकडे जमीनच नव्हती. थेट सफरचंदाच्या बागा दिसत होत्या, त्याही फार खाली. गावात याला दंतवैद्याचा उतार म्हणत. गावच्या दंतवैद्यानं या एका उताराच्या जिवावर घरामागे पोहायचा तलाव बांधला होता.

"काका, वारा फार आहे!"

"खालीही आहे. ये."

वेसेलनं डोळे मिटून घेतले. उतार उतरायची ही त्याची स्वतःची पद्धत होती, आणि ती चुकीची होती. दगड सटासट उडाले, सायकल दोनदा आडवी व्हायला निघाली, झुडपातलं एक बबून माकड बोंब मारत पळालं, आणि कसा कोण जाणे, तो काकांच्या पायाशी येऊन थांबला. त्यानं जीभ फिरवून पाहिली. दात सगळे होते.

काकांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"पुन्हा," ते म्हणाले.

केप प्रांताच्या डोंगरांतली ही सायकल शर्यत आठवडाभर चालते आणि ती दोघांनी मिळून पूर्ण करायची असते. दोघांत दोन मिनिटांहून जास्त अंतर पडलं की दंड, पडतच राहिलं की दोघंही घरी. दिवसभर एकमेकांची पाठ बघायची आणि रात्री एकाच तंबूत झोपायचं. वेसेल डोंगराला भीत होता, वाऱ्याला भीत होता, पण सगळ्यात जास्त भीत होता तो थिनसकाकांच्या पाठीला. साठीला टेकलेली ती पाठ चढावर कधी हलत नसे. तिच्याकडे बघताना वेसेलला वाटे, आपण चुकलो की ही वळेल.

हे सारं तो सोसत होता ते आनेमीसाठी. आनेमी म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी.

मागच्या हिवाळ्यात तो सायकल बाजूला टाकून घाटमाथ्यावर उताणा पडून धापा टाकत होता, तेव्हा ती शेजारी येऊन उभी राहिली. बराच वेळ नुसती त्याच्या छातीकडे बघत होती.

"किती पटकन श्वास जागेवर आला तुझा," ती हळूच म्हणाली.

वेसेलला असं कुणी कधी म्हणालं नव्हतं. मग तिनं विचारलं, झोप नीट लागते का, दूध पचतं का, भूक लागली की चिडतोस का. शेवटी जरा लाजत म्हणाली, "आणि घोरतोस का रे?"

"नाही," वेसेल म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"मग माझ्या बाबांना भेटशील?"

घरी आईला त्यानं सगळं सांगितलं. आई म्हणाली, "पण त्या पोरीनं तुझ्यात बघितलं तरी काय?"

"माझा श्वास, आई."

"श्वास तर आपली शेळीही घेते," आई म्हणाली आणि कॉफीत टोस्ट बुडवत राहिली.

तेव्हापासून परीक्षा सुरू होती. आनेमी दर शनिवारी गाडीतून पाणी आणि खाणं घेऊन येई. एकदा चढाच्या पायथ्याशी वेसेलनं धीर करून तोंड तिच्याजवळ नेलं. तिनं त्यात मीठ लावलेला उकडलेला बटाटा घातला.

"खा. पुढे लांब चढ आहे," ती म्हणाली.

काळजी तरी किती, असं त्याला वाटलं. बटाटा गिळल्यावर त्यानं विचारलं, "बाबांना मी आवडलो नाही तर?"

"तर मला दुसरा बघावा लागेल." ती चाकात हवा भरत होती. "शर्यत जवळ आलीय, वेसेल. शोधायला वेळ लागतो."

त्यानंतर वेसेलची झोप उडाली. रात्री अंथरुणात त्याचे पाय आपोआप पॅडल मारत.

काका हुकमापलीकडे बोलत नसत. एकदाच बोलले. पुलाखाली साखळी बसवताना म्हणाले, "मागचा चांगला होता."

"मागचा?"

"चढावर तुझ्यापेक्षा बरा. टिकला नाही."

"कुठे असतो आता?"

"बसून असतो," काका म्हणाले आणि पान्याला एक झटका दिला.

त्या संध्याकाळी वेसेल दंतवैद्याचा उतार डोळे उघडे ठेवून उतरला. उघड्या डोळ्यांनी उतार जास्त भयंकर दिसत होता. पण खाली पोचला तेव्हा काकांनी घड्याळाकडे पाहिलंच नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी मैदानावर तंबूंच्या रांगा लागल्या होत्या. दोघांचे नंबर सायकलींवर लागले होते. बाहेर आनेमी निखाऱ्यांवर सॉसेज भाजत होती आणि कुठलंसं गाणं गुणगुणत होती. उद्या काय होईल कुणास ठाऊक, वेसेलनं विचार केला. दरीत गेलो तर न विचारताच जाईन.

तो तंबूत शिरला. काका हेल्मेटचा पट्टा ओढून बघत होते.

"काका."

"हं."

"तुमच्या परीक्षेत मी पास झालो का?"

काकांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "झालास," ते म्हणाले.

वेसेलनं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. "मग मला आनेमीशी लग्न करायचंय."

काकांनी हेल्मेट खाली ठेवलं. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर भीतीसारखं काहीतरी उमटलं.

"अरे, लग्नाला चार वर्षं झाली तिच्या," ते म्हणाले. "जावयाचे गुडघे गेले, म्हणून तर तिनं शर्यतीसाठी तुला शोधून आणलं."