एक ओरखडा नाही

पास्कोलने पहारीने फळ्या उचकटल्या आणि लाकडी खोक्यातून विल्सनची मोटारसायकल बाहेर आली. बहारीनला कामावर असलेला त्याचा आणि सेलिनाचा हा मुलगा दोन महिन्यांपूर्वी तिथेच वारला होता. त्याची गाडी मित्रांनी बोटीने वसईला घरी पाठवली होती.

सेलिना दारातच थांबली. या गाडीवरून मायलेकांचं बिनसलं होतं. “ती विकल्याशिवाय मला फोन करू नकोस,” असं तिने बजावलं, आणि शेवटचे सात महिने त्याने खरंच केला नाही. तो गेल्याचं कळलं तेव्हा, गाडीनेच घेतला त्याला, असं ती धरून बसली. कुणी काहीही सांगितलं तरी तिला पटेना.

पास्कोल वाकून टाकी, आरसे, चाकं बघत राहिला.

“एक ओरखडा नाही गं. किती जपायचा!”

“मग तो...”

“परांचीवरून पडला, सेलिना. किती वेळा सांगू? त्या दिवशी कंपनीच्या बसने कामाला गेला होता तो.”

सेलिनाने जवळ येऊन टाकीवरून हात फिरवला. मग ती पायरीवर बसली. दोन महिने सगळा राग तिने या गाडीवर काढला होता. आता तिच्यापाशी फक्त ते न बोललेले सात महिने उरले.