पिवळ्या रेघा
“हा जनुकांचा नकाशा काही केल्या जुळेना!” प्रयोगशाळेतली जनेल पुटपुटली. विषाणूला पुरून उरणारं जनुक हिवाळी गव्हात कुठे दडलंय, ते कळायला शेतात रोपांना दिलेले रोगाचे गुण आणि तिची तपासणी यांचा मेळ बसावा लागतो. तीन वर्षं तो बसला नव्हता. यंदाही नाही बसला, तर प्रयोग बंद आणि आर्लोंचा गहू कायमचा नांगराखाली. “तुझं यंत्रच खुळं,” आर्लो म्हणाले. कॅन्ससच्या या वाफ्यांना पस्तीस वर्षं गुण तेच देताहेत, नुसत्या नजरेने. आकडे मी लिहिते. गुडघे टेकून त्यांनी पान उन्हात धरलं. “हिरवंगार, निरोगी! एक लिही, म्हातारे.” पानभर विषाणूच्या पिवळ्या रेघा होत्या. माझी पेन्सिल थांबली. जनेलने मान वळवून आभाळ न्याहाळलं, तिथे एकही ढग नसताना. “लिहिलंस?” “नाही.” मी त्यांच्या हातातलं पान काढून घेतलं. “आर्लो, तुम्हाला आता पिवळं दिसत नाही हो.”