उजवीकडची जागा

"सगळ्या सिनेमांत पडद्यावर उजवीकडे ही मोकळी जागा! माणसं कमी पडली की काय?" शेजारीण पुटपुटली. आमच्या अभ्यासवर्गात एका दिवंगत दिग्दर्शकाचे सिनेमे चालू होते.

"हे एकाकीपणाचं काव्य," प्राध्यापक म्हणाले. काव्य म्हटल्यावर आम्ही निमूट लिहून घेतलं.

पाहुणे म्हणून आलेल्या, त्या दिग्दर्शकांच्या म्हाताऱ्या कॅमेरामनना मात्र राहवलं नाही. "काव्य कसलं? प्रत्येक शॉटला साहेब म्हणायचे, ‘उजवीकडे जागा सोड, मालू येईल.’"

 मालू म्हणजे साहेबांची पहिली नायिका, चित्रीकरणात नदीत बुडालेली. पुस्तकांत त्याला अपघात म्हणतात.

कॅमेरामन ओशाळून पहिल्या रांगेकडे वळले. "चुकलो, वहिनी."

साहेबांच्या पत्नीने सत्काराचा नारळ मांडीवरून खाली ठेवला.

"पोहता येत नाही म्हणून रडत होती पोर," त्या म्हणाल्या. "यांनीच तिला पाण्यात उतरवलं."