तिसरा विषय

रविवारी जेवण झाल्यावर मारित स्वयंपाकघरातच लॅपटॉप उघडून बसली. पदवीनंतर दंतवैद्यकीला जायचं तर पुढच्या सत्रात विज्ञानाचे कोणते विषय घ्यायचे, ते आजच कळवायचं होतं. सूक्ष्मजीवशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र हे दोन तिने पटकन निवडले, तिसऱ्यापाशी अडली. “आनुवंशिकी घे,” भांडी विसळता विसळता तिचा मोठा भाऊ एरलिंग म्हणाला. “वनस्पतिशास्त्रही चालतं,” मारित म्हणाली. “हो का? मिनेसोटात दातांना पालवी फुटते वाटतं!” तिला हसू आलं नाही. शेजारच्या खोलीत बाबांना खुर्चीला पट्ट्याने बांधलं होतं, तरी त्यांचे हातपाय सारखे वळवळत होते. आजोबाही तसेच गेले होते. हा आजार आईबापाकडून मुलांत उतरतो, हे दोघांना ठाऊक होतं आणि रक्ततपासणी दोघांनीही टाळली होती. “मला दात बघायचेत, एरलिंग. भविष्य नाही.” “अगं, नुसता विषय आहे. पुस्तक वाचून कुणाला रोग होतो का? भित्री कुठली!” ते तिला लागलं. तिने आनुवंशिकी निवडली, यादी पाठवून दिली आणि “झालं समाधान?” म्हणत वर पाहिलं. एरलिंग ओट्याला टेकून हसत उभा होता. त्याच्या उजव्या हाताची ओली करंगळी आपोआप उडत होती, थांबत होती, पुन्हा उडत होती. त्याला त्याचा पत्ताच नव्हता. “बघ, झालं का काही?” त्याने विचारलं. “नाही,” ती म्हणाली आणि त्याच्या हाताकडे न बघता तिने लॅपटॉप मिटला.