कोपऱ्यावरची हरकत

स्टीलचं झाकण ओट्यावरून खाली पडलं आणि फरशीवर गरगरत राहिलं. पंकूनं त्यावर पाय ठेवला. स्वयंपाकघर पुन्हा गप्प झालं.

"राहू दे ते," धनश्री हळूच म्हणाली. "तू विचार. तू मॅडम आहेस ना?"

पंकू पाटावर उभी राहिली. आईची ओढणी खांद्यावर घेतली आणि पोळपाट फाइलीसारखा छातीशी धरला. "बोला, तुमची काही हरकत?"

धनश्रीनं तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला. "झालं का पाठ?"

"होतंय, आण्णा."

ती लेकीच्या कानाशी वाकली. हा आपला खेळ कुणाला सांगायचा नाही, म्हणाली, आई तिथं एकदमच म्हणून दाखवणार आहे. पंकूनं ओठांवर बोट ठेवलं.

सावेडीतली त्यांची गल्ली पुढं बंद होती. त्या टोकाच्या मोकळ्या प्लॉटवर हायस्कूल येणार होतं आणि सगळ्या गल्लीचा त्याला विरोध होता. सकाळ-दुपार बसगाड्या, पोरं लोंबकळणाऱ्या रिक्षा, आईबापांच्या स्कूटरी. एवढ्याशा रस्त्यावर म्हाताऱ्या माणसांनी चालायचं कुठून? मागच्या वर्षी एका रिक्षाचा आरसा पंकूच्या कोपराला घासून गेला. तेव्हापासून तिला फाटकाबाहेर खेळायला बंदी होती. धनश्रीला तशी बंदी नव्हती. फक्त बाहेर जायला कारण लागायचं.

बस आत वळायची तर कोपऱ्यावरच्या घराच्या अंगणातली पट्टी रस्त्याला द्यावी लागणार होती. पट्टी नाही मिळाली तर शाळेचा नकाशा मंजूर होणार नव्हता. कोपऱ्यावरचं घर सूर्यभान आण्णांचं, पण कागदोपत्री धनश्रीचं. बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्क कमी बसतं, म्हणून आण्णांनी सुनेचं नाव लावलं होतं. बोट दाखवलं तिथं तिनं सह्या केल्या होत्या. आता महापालिकेच्या सुनावणीत मालक म्हणून तिलाच बोलायचं होतं, आणि आण्णांचा जीव तिथंच अडकला होता.

कारण धनश्रीला 'हरकत नाही' म्हणायची सवय होती.

लग्नाच्या बैठकीत आण्णांनी तिची बीएडची मार्कशीट पाहिली होती. नोकरी करायची तर गल्लीतल्या शाळेत कर, गल्लीबाहेर नको, असं म्हणाले होते. सगळे हसले, कारण गल्लीत तेव्हा पिठाची गिरणीसुद्धा नव्हती. धनश्री म्हणाली होती, हरकत नाही. नवऱ्यानं, अंगदनं, तिची स्कूटर नागापूरला कंपनीत न्यायला सुरुवात केली तेव्हाही तेच. नेवाशाला माहेरी दिवाळीत नको, उन्हाळ्यात जा, असं ठरलं तेव्हाही तेच. शेजारच्या झुंबरबाई तर फाटकातून हाकच मारायच्या, "ओ हरकत नाही, वाटीभर साखर हाय का?"

म्हणून आण्णा रोज जेवणानंतर तिला समोर बसवून म्हणून घ्यायचे. आमची हरकत आहे. 'आहे'वर जोर दे.

"तिच्या तोंडात 'आहे' बसायचं न्हाई," झुंबरबाई म्हणाल्या होत्या. "दुसरा शब्द शोधा, आण्णा."

सगळे हसले होते. धनश्रीही हसली होती.

त्याच दुपारी सुनावणीला आण्णांनी पंकूलाही बरोबर घ्यायला लावलं. लेकरू दिसलं पाहिजे, म्हणाले. सभागृहात गल्लीतली निम्मी माणसं होती. आण्णा चांगलं बोलले. रिक्षाच्या आरशाचं सांगताना त्यांचा आवाज बसला, आणि तो खोटा नव्हता. पंकूवर त्यांचा फार जीव होता.

मग सुनावणी घेणाऱ्या मॅडमनी धनश्रीकडे पाहिलं. घर तुमच्या नावावर का, विचारलं. तिनं मान हलवली.

"कोपऱ्यावरची पट्टी रस्त्यासाठी सोडायला तुमची काही हरकत?"

आण्णांचे ओठ तिच्या आधीच हलायला लागले होते. धनश्रीनं मांडीवरच्या पंकूचा हात घट्ट धरला.

"हरकत नाही."

मागं कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. आण्णा अर्धवट उठले. "मॅडम, सवय हाय तिला. तिला तसं म्हणायचं न्हाई."

मालकांनाच बोलू द्या, असं सांगून मॅडमनी प्रश्न पुन्हा विचारला. धनश्रीनं आण्णांकडे पाहिलं. मग खाली बघून पुन्हा तेच दोन शब्द म्हणाली, आणखी हळू. कारकुनानं कागदावर बोट ठेवलं. बोट होतं तिथं तिनं सही केली.

घरी आल्यावर कुणी ओरडलं नाही. अंगद म्हणाला, हिला बोलून काय उपयोग. झुंबरबाई फाटकातूनच "मी म्हणलं हुतं" एवढं बोलून गेल्या. आण्णा टोपी न काढता खुर्चीत बसून राहिले. धनश्रीनं चहा आणून पुढं धरला.

"तुझं काय चुकलं न्हाई, पोरी," आण्णा म्हणाले. "घाबरलीस तू. आमीच तुला कदी बोलू दिलं न्हाई, मग आयत्या वेळी तोंडातून दुसरं काय निघणार?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आण्णांना वाटलं, पश्चात्तापाचं असेल. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. उद्या परत जाऊ, म्हणाले, मॅडम भल्या वाटतात, ऐकतील. "तू तिथं येवढंच सांग. चुकून बोलले."

धनश्रीनं ओढणीनं डोळे पुसले.

पाटावर बसलेली पंकू इतका वेळ एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. तिनं ओठांवरचं बोट काढलं.

"आई, सकाळी मी मॅडम झाले होते तेव्हा पण तू सारखं हेच म्हणत होतीस. तेव्हा पण चुकून म्हणत होतीस का?"